कशी आलीस?

मुलुंडच्या मावशीकडे गेलं, की दार उघडताच तिचा पहिला प्रश्न ठरलेला. "आलीस? कशी आलीस?" पाण्याचा पेला हातात येईपर्यंत मी अर्धं उत्तर दिलेलं असतं. कुठली गाडी मिळाली, कुठे बदलली, बसायला मिळालं का, रिक्षावाला यायला तयार होता का. मुंबईच्या उपनगरांत ही विचारपूसच असते. आलेल्या माणसाने वाटेत काय सोसलं हे ऐकून घेतल्याशिवाय त्याचं स्वागत पुरं होत नाही.

मी बोरिवलीची. शाळा, नोकरी, संसार, सगळं पश्चिम रेल्वेच्या काठाने झालं. मावशी मुलुंडची, म्हणजे मध्य रेल्वेची. नकाशावर पट्टी ठेवली तर बोरिवली आणि मुलुंड यांच्यात बारा-एक किलोमीटर भरतात. पण त्या पट्टीखाली जंगल आहे. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचं १०४ चौरस किलोमीटरचं रान, त्यात तुळशी आणि विहार हे तलाव, कान्हेरीची लेणी आणि बिबट्यांचा वावर. रानाच्या पश्चिमेला एक रेल्वे, पूर्वेला दुसरी. दोघी दक्षिणेकडे धावत सुटतात आणि एकमेकींना भेटतात ती थेट दादरला. त्यामुळे माझ्या लहानपणी आई मला घेऊन बहिणीकडे निघाली, की बोरिवलीहून २४ किलोमीटर खाली दादरला जायची, पूल ओलांडायची आणि पुन्हा २२ किलोमीटर वर मुलुंडला यायची. बारा किलोमीटरवरच्या बहिणीसाठी सेहेचाळीस किलोमीटर. दादरच्या पुलावर आई माझं मनगट इतकं घट्ट धरायची, की हातातल्या बांगडीचा वळ मावशीच्या घरी पोचेपर्यंत तसाच असायचा.

गेल्या दिवाळीनंतर मेलबर्नला राहणाऱ्या माझ्या भाचीने एक फोटो पाठवला. लोकल गाडीचा डबा, आणि दाराजवळ तिची सायकल. तिकडे शहरातल्या गाड्यांत सायकल नेता येते. पहिल्या डब्याचं पहिलं दार तेवढं सोडायचं, कारण ते चाकाच्या खुर्चीतून येणाऱ्यांसाठी राखलेलं असतं. फोटोखाली तिने विचारलं होतं, "मावशी, आपल्या मुंबईत जमेल का गं असं?"

प्रश्न साधा होता, पण मला तो चटकन सोडवेना. उपनगरांत आयुष्य गेलं, पण ठरलेली वाट सोडून आपण कधी फिरलो? मग जानेवारीच्या थंडीत मी ठरवलं, की मावशीकडे दोनदा जायचं. एकदा कामाच्या दिवशी, गाडी आणि बसने. एकदा रविवारी, सायकल घेऊन.

मंगळवार

बोरिवली स्टेशनात सकाळी दहाला शिरले. नोकरीच्या काळात याच फलाटावर मी रोज उभी असायचे. १२ एप्रिल १८६७ रोजी विरारहून बॅक बेपर्यंत पहिली गाडी सुरू झाली तेव्हा वेळापत्रकात या स्टेशनाचं नाव 'बेरेवला' आणि अंधेरीचं 'अंडारू' असं होतं. १९२८ च्या जानेवारीत विजेची गाडी बोरिवलीपर्यंत आली आणि शेतावाडीचं हे गाव हळूहळू नोकरदारांचं झालं. ५ मे १९९२ ला चर्चगेट आणि बोरिवली यांच्यात पहिली लेडीज स्पेशल सुटली, त्या वर्षी मी नोकरीला लागून काहीच महिने झाले होते. आख्खी गाडी आपली, हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा आम्ही मैत्रिणी एका डब्यातून दुसऱ्या डब्याकडे नुसत्या बघत राहिलो होतो. देशातली पहिली वातानुकूलित लोकलसुद्धा २५ डिसेंबर २०१७ ला बोरिवलीहूनच निघाली.

लेडीज डब्यात शिरलं, की बोलण्याची गरज नसते. उभी असलेली बाई बसलेल्या बाईकडे पाहते आणि भुवई जराशी उचलते. त्याचा अर्थ, "कुठे?" बसलेली म्हणते, "अंधेरी." एवढ्यावर सौदा पक्का. अंधेरीला ती जागा हिची. मग मागून तिसरी कुणी विचारलं, तर बसलेलीच सांगते, "त्यांना दिली." कागद नाही, साक्षीदार नाही, पण हा शब्द मोडलेला मी फार क्वचित पाहिला. त्या दिवशी मीही अंधेरीला उतरणारी होते. माझी जागा ज्या मुलीला गेली, तिने बसता बसता माझी पिशवी माझ्या हातात दिली आणि "सावकाश उतरा काकू" म्हणाली.

अंधेरीला पूर्वेकडे बाहेर पडून आधी आगरकर चौकात गेले. इथून सीप्झला जाणारी ४१५ नंबरची बस माझी नोकरीची बस. दुमजली होती. वरच्या मजल्यावर सगळ्यात पुढची जागा मिळाली, की समोरच्या मोठ्या काचेतून रस्ता आपल्याच अंगावर यायचा, झाडांच्या फांद्या टपावर घासायच्या आणि जिन्यावरून कंडक्टरचं टिकटिक वर यायचं. मुंबईत दुमजली बस १९३७ साली आली. जुन्या डिझेलच्या दुमजली बसची शेवटची फेरी १५ सप्टेंबर २०२३ ला झाली, ती याच ४१५ वर, आगरकर चौक ते सीप्झ. लोकांनी बसला हार घातले होते. मीही गेले होते, आणि वर जागा नव्हती म्हणून खालीच दांडीला धरून उभी राहिले. बस सीप्झला पोचली तेव्हा कुणीच लगेच उतरलं नाही.

परत स्टेशनाकडे येताना डबेवाले दिसले. अकरा वाजत आले होते. घरोघरचे डबे सायकलच्या हँडलला आणि कॅरियरला लटकवून ते आले होते, आणि आता झाकणावरची रंगीत खूण पाहून कुठला डबा कुठल्या स्टेशनावर उतरणार याची वाटणी चालली होती. एकाने रिकामी सायकल कठड्याला टेकवली, लांब पाटी डोक्यावर घेतली आणि मालडब्याच्या दिशेने चालू लागला. महादू हावजी बच्चे यांनी १८९० च्या सुमारास सुरू केलेलं हे काम. भाचीच्या प्रश्नाचं एक उत्तर मला इथेच मिळालं. गाडी आणि सायकल यांची सांगड आमच्या डबेवाल्यांनी केव्हाच घातलेली आहे. शहराने फक्त ती त्यांच्यापुरती राहू दिली.

मग मेट्रो. वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर ही मुंबईची पहिली मेट्रो ८ जून २०१४ ला सुरू झाली. ११.४ किलोमीटर, बारा स्टेशनं, चार डब्यांची गाडी, एकवीस मिनिटं. त्याआधी अंधेरी-कुर्ला रस्त्याने बसमधून घाटकोपर गाठायचं, तर साकीनाक्यालाच तासभर जायचा. गंमत अशी, की अंधेरीहून पूर्वेकडे जाणारी रेल्वे या भागात पूर्वीही एकदा होती. १९२८ मध्ये अंधेरी ते ट्रॉम्बे, कुर्ल्यावरून, १३ किलोमीटरची साष्टी-ट्रॉम्बे रेल्वे सुरू झाली आणि १९३४ मध्ये बंदही झाली. त्यानंतर तब्बल ऐंशी वर्षं पश्चिमेच्या माणसाला पूर्वेला जायला रुळांवरची थेट वाट नव्हती. आई जन्मली, वाढली, लग्न होऊन बोरिवलीला आली, म्हातारी झाली, आणि त्या साऱ्या काळात बहिणीकडे दादरवरूनच जात राहिली. मेट्रो सुरू झाली तेव्हा तिचे गुडघे जिने चढण्यापलीकडे गेले होते.

मरोळ नाक्यानंतर उजव्या हाताला विमान इतकं खाली आलेलं दिसलं, की चाकं मोजता यावीत. असल्फ्याला डोंगरावरची रंगीत घरं आली: निळं, गुलाबी, पिवळं, एकावर एक रचलेली, आणि प्रत्येक घराला स्वतःचा अरुंद जिना. घाटकोपरला दार उघडलं आणि आम्ही सगळे एका प्रवाहासारखे पुलावरून मध्य रेल्वेच्या फलाटाकडे वळलो.

घाटकोपरहून स्लो गाडी घेतली. विक्रोळी, कांजूरमार्ग, भांडुप, नाहूर, मुलुंड. भांडुपला मी मुद्दाम खिडकीबाहेर पाहिलं. १८४३ साली सरकारचे मुख्य अभियंता जॉर्ज क्लार्क भांडुपला आले असताना मुंबई, ठाणे, कल्याण आणि पुढे थळ-बोरघाट रेल्वेने जोडावेत हा विचार त्यांच्या मनात आला, असं रेल्वेच्या इतिहासात नोंदलेलं आहे. दहा वर्षांनी, १६ एप्रिल १८५३ ला, बोरीबंदरहून ठाण्याला चौदा डब्यांची गाडी निघाली आणि याच बाजूने ३४ किलोमीटर गेली. देशातल्या प्रवासी रेल्वेचं बीज आज स्लो गाडी वीसेक सेकंद थांबते त्या भांडुपला पडलं, हे इथल्या प्रत्येक शाळेत मुलांना सांगायला हवं.

मावशीच्या दारात घड्याळ पाहिलं. आगरकर चौकातलं रेंगाळणं वजा केलं तर दीड तासाच्या आत पोचले होते. "कशी आलीस?" "अंधेरी, मेट्रो, घाटकोपर." मावशी म्हणाली, "तुझ्या आईला हे मिळायला हवं होतं."

परतताना उत्तरेची बाजू धरली. मुलुंडहून एक स्टेशन पुढे ठाणे, आणि तिथून घोडबंदर रस्त्याने बोरिवलीची बस. कापूरबावडी, मानपाडा, कासारवडवली करत बस गायमुखला येते, तिथे उजवीकडे खाडी उघडते आणि डावीकडे तेच जंगल असतं, आता पाठीमागच्या बाजूने दिसणारं. घाटात बस मुंगीच्या गतीने सरकत होती. माझ्या शेजारी कासारवडवलीहून रोज बोरिवलीला रुग्णालयात जाणारी एक परिचारिका होती. ती डब्यातली पोळीभाजी बसमध्येच खात होती. "रात्रपाळीला वेळेवर पोचायचं तर चारलाच निघावं लागतं, मावशी," ती म्हणाली, "जेवण घरी नाही, बसमध्येच होतं."

या जंगलाखालून आता दोन बोगदे यायचे आहेत. ठाणे-बोरिवली जुळ्या बोगद्याचा ११.८ किलोमीटरचा मार्ग आणि गोरेगाव-मुलुंड जोडरस्त्याचे ४.७ किलोमीटरचे जुळे बोगदे. दोन्हींच्या कामाचा समारंभ १३ जुलै २०२४ ला गोरेगावात झाला. पट्टीखालचं जंगल ओलांडायची सरळ वाट आईच्या पिढीनंतर का होईना, होणार. माझं एकच मागणं आहे. ठाणे-बोरिवलीच्या बोगद्यातून पहिल्या दिवसापासून बस धावावी, दर काही मिनिटांनी, आणि तिकीट त्या परिचारिकेला परवडेल असं असावं. मोटारवाल्याचा वेळ वाचला तर बरंच आहे, पण तिचं जेवण घरी झालं, तर तो बोगदा सार्थकी लागला.

रविवार

पहाटे साडेसहाला सायकल घेऊन राष्ट्रीय उद्यान स्टेशनाशी आले. मेट्रो सातचं हे स्टेशन उद्यानाच्या फाटकासमोरच आहे. मेट्रो दोन-अ आणि सात यांचा पहिला टप्पा २ एप्रिल २०२२ ला, गुढीपाडव्याला, सुरू झाला आणि जानेवारी २०२३ मध्ये दोन्ही मार्ग पुरे झाले. या गाड्यांत सायकल ठेवायची सोय केलेली आहे. सायकल लिफ्टने वर नेली आणि डब्याच्या टोकाला, ठरवून दिलेल्या जागी उभी केली. पुढच्या स्टेशनावर एक आजोबा चढले. त्यांनी सायकलकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि विचारलं, "नेऊ देतात?" "देतात." "मग छान आहे," ते म्हणाले आणि आकुर्ली येईपर्यंत तिच्या घंटीकडे बघत राहिले. मी डब्यातून सायकलचा फोटो काढून मेलबर्नला पाठवला. खाली लिहिलं, "जमतं. निदान या मार्गावर."

आरे स्टेशनला उतरले आणि गोरेगावच्या बाजूने आरे वसाहतीत शिरले. १९४९ साली मुंबईच्या दुधासाठी ही वसाहत वसवायला सुरुवात झाली. आजही गोठे आहेत, वारल्यांचे पाडे आहेत आणि सकाळी रस्त्यावर धुकं असतं. चढ लागला तसा श्वास वाढला, पण हवेला पालापाचोळ्याचा आणि शेणाचा वास होता आणि दोन्ही बाजूंना झाडं होती. ऑक्टोबर २०१९ मध्ये मेट्रो तीनच्या कारशेडसाठी इथली झाडं रातोरात तोडली गेली तेव्हा मी रडले होते. आज तीच भुयारी मेट्रो आरेपासून कफ परेडपर्यंत धावते आणि मी तिच्यातून जाते. मला मेट्रो हवी आहे आणि ती झाडंही हवी होती. या दोन्ही मागण्या एकाच माणसाच्या असू शकतात, आणि त्या एकत्र ऐकून घेणं हे नियोजन करणाऱ्यांचं कामच आहे.

पलीकडे उतरून पवईला आले. १८९१ साली बांधलेल्या या तलावाभोवती महापालिकेने सायकलींसाठी मार्ग आखला होता. मुंबई उच्च न्यायालयाने ६ मे २०२२ रोजी ते काम बेकायदा ठरवून जागा पूर्ववत करायला सांगितली. तलावाच्या काठाने चालवायला मलाही आवडलं असतं, पण निकाल वाचून मला पटलं होतं, की सायकलला तलाव नको, रस्त्याची कड हवी आहे. ती कड कशी असते, हे पुढच्या पाच मिनिटांत मला कळलं.

जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्त्यावर मी भीतीने अगदी डावीकडे चिकटून चालले होते. तिथे पावसाळी गटारांवर लोखंडी जाळ्या आहेत. काही जाळ्यांच्या पट्ट्या रस्त्याच्या दिशेनेच लावलेल्या, आणि दोन पट्ट्यांमधली फट सायकलच्या टायरइतकी. मागून एक सायकल शेजारी आली. खाकी शर्ट, कॅरियरला बांधलेला डबा आणि घडी केलेली चादर. पवईच्या एका इमारतीत रात्रपाळी करून भांडुपला घरी चाललेला रखवालदार.

"ताई, कडेला इतकं चिकटू नका. जाळीत चाक जातं. हातभर आत या. आत असलात की मागचा गाडीवाला तुम्हाला बघतो. कडेला असलात की बघत नाही."

मी हातभर आत आले. खरंच, मागच्या टेम्पोने वेग कमी केला आणि वळसा घालून गेला. गृहस्थ साताऱ्याकडचे, नऊ वर्षं याच रस्त्याने सायकल चालवतात. पाळी सुटल्यावर बसची वाट पाहावी लागत नाही आणि दोन वेळचे बसचे पैसे वाचतात, एवढाच त्यांचा हिशेब. कांजूरमार्गपर्यंत ते माझ्या पुढे राहिले आणि प्रत्येक जाळी आली, की मागे न बघता डावा हात खाली करून दाखवत राहिले.

त्या सकाळी रस्त्यावर हेल्मेट घातलेले हौशी सायकलस्वार मी आरेत पुष्कळ पाहिले होते. जोडरस्त्यावर आणि पुढे लालबहादूर शास्त्री मार्गावर, मेट्रो चारच्या खांबांखाली, मला भेटले ते इडलीवाले, पाववाले, दूधवाले, रखवालदार. मोजायला कुणी बसलं, तर सायकल ही उपनगरांची हौस नाही, रोजगार आहे, हे सकाळच्या एका तासात दिसेल. यांच्यासाठी फार मोठं काही लागत नाही. जाळ्या आडव्या लावा, कडेचा खड्डा बुजवा, स्टेशनाबाहेर कुलूप लावायला दोन दांड्या द्या.

मुलुंडला महापालिकेच्या जलवाहिनीच्या कडेने थोडी चालवली. तानसाच्या पाण्याच्या या प्रचंड नळांवर पूर्वी झोपड्या होत्या. त्या हटवल्यावर मुलुंडपासून सायनपर्यंत ३९ किलोमीटरचा सायकलमार्ग करायची योजना आखली गेली. काही तुकडे झाले, सलग वाट झाली नाही. जो तुकडा मला मिळाला त्यावर एक आजी नातीला सायकल शिकवत होती. आजीने मागची सीट धरलेली होती आणि नातीला ते माहीत नव्हतं.

मुलुंड पश्चिमेचे सरळ, काटकोनात छेदणारे रस्ते १९२२ च्या सुमारास आखलेले. त्यांवर सायकल आपसूक चालते. मावशीच्या चाळीवजा जुन्या इमारतीत आले आणि सायकल वर न्यावी की खाली ठेवावी, या विचारात जिन्याशी थांबले. घंटी वाजली असावी, कारण मावशी गॅलरीत आली. पंच्याऐंशी वर्षांची. वाकून तिने पाहिलं.

"कशी आलीस?" असं ती विचारेल म्हणून मी उत्तर जुळवून ठेवलं होतं. राष्ट्रीय उद्यान, मेट्रो, आरे, पवई, कांजूर.

तिने विचारलंच नाही. कठडा धरत, एकेक पायरी मोजत ती खाली आली. सायकलच्या सीटवर हात ठेवला. "जिन्याखाली लाव," ती म्हणाली. "तिथे भिंतीला कडी आहे बघ. ह्यांनी ठोकून घेतली होती. भांडुपच्या कारखान्याची पहिली पाळी असायची. सकाळी सहाला ह्याच रस्त्यावर नुसत्या सायकली असायच्या. घंट्यांनी जाग यायची मला."

जिन्याखाली अंधार होता. मोबाईलचा उजेड पाडला. जुन्या रंगाखाली, मीटरच्या पेटीशेजारी, कडी होती. मी साखळी तिच्यातून ओवली आणि कुलूप लावलं.